त्रैराशिक बरोबर होतं

१

शिवणाच्या आजी गेल्या तेव्हा बायकांच्या वॉर्डात दुपारच्या औषधांची फेरी चालू होती.

सकाळी त्या दम्याने घुसमटत आल्या होत्या. ओठ निळे, बोलायला दम नाही. दुपारपर्यंत सलाईनमधून औषध गेलं, श्वास मोकळा झाला आणि जिभेलाही धार आली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या म्हणाल्या, "तुमच्या गाऊनची शिवण तिरकी गेलीय हो. कोणी शिवला? हात मोडला होता का त्याचा?" ती बाई हसली. आजीही हसल्या. हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे फिरवले, आणि त्यांचं हृदय पिसाळल्यासारखं धावू लागलं. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जिवाचं रान केलं. हृदय धावत सुटलं ते थांबलंच.

त्या धावपळीत शिकाऊ डॉक्टरने सवयीने रक्त काढून ठेवलं होतं. त्याचा अहवाल आला आणि हॉस्पिटलमध्ये वणवा पेटला. रक्तात दम्याचं औषध जिथे तीन हिस्से असायला हवं होतं, तिथे चार हिस्से होतं. दम्याचं ते औषध मोठं तापट. थोडं कमी पडलं तर दमा हटत नाही, थोडं जास्त झालं तर हृदय बिथरतं. वयस्कर, थकलेल्या हृदयाला तो वरचा चौथा हिस्सा पुरला होता.

सलाईन लावणारी सिस्टर वॉर्डातली सगळ्यात धाकटी. सगळे तिला चिमणी म्हणत. तिला घरी बसवण्यात आलं, आणि अधीक्षकांनी त्रैराशिक सरांना बोलावलं.

त्रैराशिक हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. सर मोठे डॉक्टर, निवृत्तीला टेकलेले. नर्सिंगच्या मुलींना औषधांचं गणित शिकवत. एवढ्या किलोला एवढं औषध, तर एवढ्या किलोला किती? एवढ्या तासांत एवढं पाणी, तर मिनिटाला थेंब किती? फळ्यावर खडूने तीन आकडे मांडायचे आणि चौथा मुलींकडून काढून घ्यायचा. नाव पडलं ते कायमचं. चिमणी त्यांचीच विद्यार्थिनी.

"आजींच्या लेकीने तक्रार केलीय," अधीक्षक म्हणाले. "पोरीने थेंब जास्त सोडले, आई मारली, असं म्हणतेय. मला वर उत्तर द्यायचंय, सर. चूक कोणाची, ते एक नाव मला काढून द्या."

"आजींचं शव?"

"लेकीने चिरफाड करू दिली नाही. अंत्यविधी उरकला."

"आणि सलाईनची बाटली?"

"ती मेट्रनने सांभाळून ठेवलीय. जशी होती तशी."

सरांनी बाटली उजेडात धरली. सलाईन किती वाजता सुरू झालं, किती वाजता बंद केलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी मनातल्या मनात भागाकार केला. मग चष्मा पुसून पुन्हा केला.

बाटलीत जेवढं पाणी उरायला हवं होतं, नेमकं तेवढंच उरलं होतं. एक थेंबही जास्त गेला नव्हता.

२

चिमणी सरांच्या खोलीत आली ती खुर्चीच्या कडेवर बसली. डोळे सुजलेले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"घाबरू नकोस," सर म्हणाले. "मला गणित सांग. वर्गात सांगायचीस तसं."

"वजन साठ किलो. डॉक्टरांनी लिहिलं, दर किलोला तासाला अर्धा मिलिग्राम. म्हणजे साठ गुणिले अर्धा, तीस मिलिग्राम तासाला."

"बाटलीत औषध किती घातलंस?"

"दोन कुप्या. अडीचशेची एक, म्हणजे पाचशे मिलिग्राम. कुप्यांचं पाणी जास्त होऊ नये म्हणून आधी बाटलीतलं तेवढं काढलं. पाचशे मिलिलिटरमध्ये पाचशे. एका मिलिलिटरला एक मिलिग्राम."

"मग तासाला तीस मिलिलिटर. थेंब?"

"बारीक थेंबांचा सेट लावला, सर. साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो तो. तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब. म्हणून तीस." तिचा आवाज फुटला. "मी घड्याळ धरून मोजले. दर फेरीला मोजले. तीसच होते, सर. आई शप्पथ."

"आणि सुरुवातीला जे एकरकमी द्यायचं असतं ते?"

"दर किलोला पाच. साठ पंचे तीनशे. वेगळ्या दोन कुप्या फोडल्या, दुसरीतलं जास्तीचं टाकून दिलं. छोट्या बाटलीतून, अर्ध्या तासात हळूहळू."

या गणितात बोट ठेवायला जागा नव्हती. मग सर उठले, भांडारातून तसलाच सेट मागवला, खिडकीला बाटली टांगली आणि खाली मापाची नळी धरली. थेंब मोजताना दोघांचेही ओठ हलत होते. साठावा थेंब पडला आणि पाणी नेमकं एकच्या रेघेला टेकलं. सेटही खरा.

"आता कुप्या," सर म्हणाले. "चुकून जास्त ताकदीच्या आल्या असतील."

भांडारी म्हणजे जाडा, सतत घाम पुसणारा गृहस्थ. औषधाचं नाव काढताच त्याने कपाट उघडून दाखवलं. "सर, माझ्याकडे अडीचशेचीच येते. दुसरी ताकद या इमारतीत शोधून सापडली तर माझ्या मिशा उतरवा. आणि फोडलेल्या कुप्यांच्या काचा मेट्रनने ठेवल्यात. बघा की, चार कुप्यांच्या चारच काचा."

काचा चारच होत्या. चारहींवर अडीचशे.

म्हणजे औषध बरोबर, पाणी बरोबर, थेंब बरोबर, गुणाकार बरोबर. बाटलीतून तीन हिस्से गेले आणि रक्तात चार पोचले. वाटेत कुठेतरी एक हिस्सा हवेतून आला होता.

जाताना चिमणी दारात थांबली. काहीतरी सांगायचं होतं तिला. पण अधीक्षकांचा शिपाई समोरून येताना दिसला आणि ती मान खाली घालून निघून गेली.

३

शिकाऊ डॉक्टर जागरणाने तारवटलेला होता. प्रश्नाआधीच उत्तर द्यायची त्याला घाई होती.

"सर, मी पुस्तकातलाच डोस लिहिला. वय जास्त म्हणून पुस्तकातल्यापेक्षा थोडा कमीच."

"वजन कोणी केलं?"

त्याने डोळे चोळले. मग म्हणाला, "वॉर्डाचा काटा उभ्याचा आहे. त्यांना उभं राहवत नव्हतं, पुढे वाकून श्वास ओढत होत्या. खुर्चीचा काटा कधीचा बिघडलाय, मी स्वतः तीनदा कळवलं होतं. मग लेकीला विचारलं. ती पटकन म्हणाली, साठ. दर महिन्याला घरी करतात म्हणाली. एवढ्या ठामपणे कोणी सांगत नाही, सर. बाकीचे नातेवाईक 'असेल पन्नास-साठ' असंच ठोकून देतात."

"तुला साठ वाटल्या?"

"चेहरा चांगला भरलेला होता, गोल. वर्षानुवर्षं दम्याच्या गोळ्या खाल्लेल्या. अंगात लांब बाह्यांचा सदरा, वरून कापूस भरलेली जाड बंडी. बंडी काढू देईनात. थंडी वाजते म्हणाल्या. मी बटणं सोडून छाती तपासली, तेवढंच."

"घरी तेच औषध गोळ्यांतून चालू असेल तर?" सर हळूच म्हणाले. "रक्तात आधीच एक हिस्सा असेल, तर वर तीन पडून चार होतील."

शिकाऊ डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. "मी विचारलं होतं. लेक म्हणाली, त्या गोळ्या केव्हाच बंद झाल्या."

"म्हणाली," सर म्हणाले. "सगळं तीच म्हणाली."

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. सरांना पाहताच त्यांनी फडकं पिळलं आणि तक्रारींचं गाठोडं सोडलं. त्यांना कोणी कधी काही विचारत नसे, त्यामुळे विचारलं की धबधबा.

"काय सांगू साहेब, त्या दिवशी नुसती पळापळ. ब्लडप्रेशरचा पट्टा सारखा सुटून येत होता, तर मलाच पिटाळलं पोरांच्या वॉर्डात, छोटा आणायला. वर जायचं, खाली यायचं, माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"

"पट्टा जुना झालाय मावशी, चिकटत नाही," शिकाऊ डॉक्टर मागून म्हणाला.

"आणि नंतर कपड्यांची पिशवी लेकीकडे द्यायला मीच. एवढीशी म्हातारी आणि पिशवी ही जड! हात खांद्यातून निखळला माझा. तिने बापडीने उघडूनही नाही पाहिली. छातीशी धरून नुसती उभी."

सरांचं अर्धंच लक्ष होतं. त्यांच्या डोक्यात गोळ्या घोळत होत्या. लेकीने खोटं सांगितलं असेल तर का? भीतीने? की आणखी कशाने?

ते तसेच निघाले आणि लेकीच्या घराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.

४

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या पायाशी चिंध्या. कोपऱ्यात मापं घ्यायचा लाकडी पुतळा. दुसऱ्या भिंतीशी उतरतं टेबल, त्यावर जहाजाच्या पोटाचं अर्धवट रेखाटन. लेक जहाजाच्या कारखान्यात नकाशे काढायची. जमिनीवर एक बॅग उघडी पडली होती, अर्धी भरलेली.

तिने सरांना बसा म्हटलं नाही.

"तुम्ही त्या पोरीला वाचवायला आलात. तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

"शिकवलंय," सर म्हणाले. "म्हणूनच चूक सापडली तर आधी मला लागेल. तुमच्या आईच्या गोळ्या दाखवाल?"

तिने फळीवरून डबा काढून जवळजवळ फेकलाच. दम्याच्या नेहमीच्या गोळ्या होत्या. बंद केलेल्या गोळ्यांचं पाकीट तळाशी, कागदसुद्धा न फाटलेलं.

"मोजा. मीही मोजल्यात. माझ्यावर संशय घेणार हे कळत होतं मला." तिने डबा सरांपुढे सरकवला. "एक गोळीही जास्त दिली नाही मी तिला. तिच्या तब्येतीसाठी मी काय काय केलंय ते या भिंतींना विचारा."

बॅगेकडे पाहून सर म्हणाले, "कुठे निघाला होतात?"

"समुद्रापलीकडे. मोठी गोदी आहे तिकडे. दोन वेळा नाही म्हटलं होतं त्यांना. आई मागेच लागली, जा, जा, माझ्या पायी सडू नकोस. मग मी अट घातली. म्हटलं, वर्षभर तुझं वजन बघणार. एका किलोनेही उतरलीस तर मी जाणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आधी काट्यावर, मग मी." ती पहिल्यांदा जराशी सैलावली. "तिने साठ सोडलं नाही. वर्षभर साठ. मी मात्र फुगत चालले. गोड सोडलं, जेवण अर्ध्यावर आणलं, तरी काटा पुढेच. आई हसायची मला. म्हणायची, मुलगी माझ्या वाटचं खातेय."

"कपडे घट्ट झाले असतील."

"ते कुठे कळतंय? माझे कपडे तीच शिवायची. गुपचूप उसवून सैल करत असेल." तिने तोंड फिरवलं. "त्या दिवशीही वजनाचा रविवारच होता. काट्यावरून उतरली आणि तिला धाप लागली."

सर उठले. गोळ्यांचा धागा तुटला होता. चिमणीचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, आणि समोरच्या बाईचं त्याहून कळत नव्हतं.

बसथांब्यावर ऊन होतं. बाकावर बसून त्यांनी नेहमीच्या सवयीने सगळं पुन्हा मांडलं. औषध वर, वजन खाली. वरचं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी तपासून झालं होतं. तिनाचे चार व्हायला वरचा आकडा वाढावा लागतो. नाहीतर...

नाहीतर खालचा कमी असावा लागतो.

बस आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चला काका." सर बसले होते तसेच बसून राहिले. वर्षभर साठ. स्वतः त्यांचं वजन जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. धडधाकट माणसाचा काटासुद्धा महिन्याला इकडेतिकडे हलतो. आणि दम्याने पोखरलेली, गोळ्यांवर जगणारी म्हातारी बारा महिने एकाच आकड्यावर दगडासारखी उभी? न हलणारा आकडा कोणीतरी धरून ठेवलेला असतो.

लहान मुलांचा पट्टा. गोळ्यांनी सुजवलेला गोल चेहरा. एवढीशी म्हातारी. जड पिशवी. आणि अर्ध्या जेवणावर फुगत चाललेली मुलगी.

बस निघून गेली. सर गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आल्या वाटेने परत फिरले.

५

"तुमचा एखादा जुना कपडा दाखवा," दारातच ते म्हणाले. "वर्षापूर्वी आईने शिवलेला, अजून वापरता असा."

लेकीने त्यांच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. पण सरांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिने निमूटपणे एक निळा झगा काढून दिला. सरांनी तो उलटा केला. शिवण एकच, सरळ, यंत्राची. तिच्या बाजूला सुईची जुनी भोकं नव्हती.

"हा कधीच उसवला नाही," सर म्हणाले. "तुम्ही फुगला नाहीत. तुमचं वजन वाढलंच नाही."

"पण काटा..."

"काटा कुठे आहे?"

तो शिवणयंत्राखाली होता. त्यावर आजींनी शिवलेलं फुलाफुलांचं जाड आवरण. लेकीने सवयीने आवरण काढलं, काटा पुढे ओढला आणि त्यावर चढायला पाय उचलला.

"चढू नका. नुसतं बघा."

काट्यावर कोणीही नव्हतं, आणि सुई बारावर उभी होती.

लेक पाहत राहिली. रिकामा काटा कोण बघतं? माणूस चढतो, खाली पाहतो, उतरतो. आई आधी चढायची, ती उतरली की लगेच मुलगी. मग आई काटा उचलून ठेवायची, आवरण घालायची. सरांनी काटा उलटा केला. सुई जाग्यावर आणायचं एक छोटं चाक खाली असतं; त्याच्या खाचांवर शिवणयंत्राच्या तेलाचे काळे ठसे होते. एकेका महिन्याला थोडं थोडं फिरवलेलं.

"एकदम बारा नाही फिरवलं त्यांनी," सर म्हणाले. "जितक्या उतरत गेल्या, तितकं फिरवत गेल्या. तुमचं वजन त्याच हिशेबाने वाढत गेलं."

"थांबा," लेक म्हणाली. तिने पलंगाखालून हॉस्पिटलची पिशवी ओढली. तिची गाठ तिला सुटेना, शेवटी दातांनी सोडली. आत सदरा, आणि ती कापूस भरलेली बंडी. तिने ती उचलली आणि तिचा हात खाली गेला. तिने काठ चाचपला. आतमध्ये काहीतरी ओळीने शिवलेलं होतं. पडदे सरळ लोंबावेत म्हणून काठात घालतात त्या शिशाच्या चकत्या. ओळीवर ओळ, अगदी बारीक टाक्यांनी.

तिने बंडी काट्यावर ठेवली. सुई बारावरून पंधरावर गेली.

सरांनी सदरा हातात घेतला होता. तो त्यांनी उलटा केला नसता तर बरं झालं असतं. कुशीच्या बाजूला एक शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. बाई आटत गेली होती आणि दर वेळी आपलेच कपडे आत घेत गेली होती, कोणाला दिसू नये म्हणून.

"साठातून पंधरा," लेक म्हणाली. नकाशे काढणारी बाई. तिला फळ्याची गरज नव्हती. "पंचेचाळीस. म्हणजे तीस थेंब नाही, बावीस-तेवीस हवे होते."

"हो."

"साठाला पंचेचाळीस. चाराला तीन."

"हो."

"आणि साठ कोणी सांगितलं? ते डॉक्टर विचारत होते आणि मी किती फुशारकीने..." तिने तोंडावर हात दाबला. हात काढून म्हणाली, "बरोबर आकडा सांगितला असता तर ती जगली असती?"

सरांनी आयुष्यभर चौथा आकडा काढून दिला होता. इथे त्यांच्यापाशी तीनसुद्धा नव्हते. आजींना आतून काय पोखरत होतं, हृदय किती दिवसांचं सोबती होतं, काही तपासलं गेलं नव्हतं, आणि आता तपासता येणार नव्हतं. नाही म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. एक शब्द, आणि या बाईला झोप लागेल.

"माहीत नाही," ते म्हणाले.

६

अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले.

"म्हणजे म्हातारीने स्वतःच माहिती दडवली. लिहून टाका तसं. पोरगी कामावर येईल, डॉक्टरही सुटेल, आपणही."

"ज्या बाईला आपण कधी काट्यावर बसवलंच नाही, तिच्यावर लिहू?" सर म्हणाले. "खुर्चीचा काटा आपण दुरुस्त केला नाही."

"सर, दोषी म्हणून काट्याचं नाव पाठवता येत नाही."

तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली. शिपाई मागून "अहो बाई, अहो बाई" करत होता. तिने शेवटचं वाक्य बाहेरून ऐकलं असावं.

"तक्रार मी मागे घेते. पण आईचं नाव लिहायचं नाही. ती खोटं बोलली ती माझ्या अटीपायी. साठ मी सांगितलं. माझं नाव लिहा."

"ताई, तुम्ही तर प्रामाणिकपणे..."

"माझं लिहा म्हटलं ना!"

मागे चिमणी उभी होती. तिला सरांनी आनंदाची बातमी द्यायला बोलावलं होतं. बातमी तिला दारातच कळली होती, पण चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"यांचं नको," ती म्हणाली. "माझं लिहा. मला कळलं होतं."



"सुई टोचायला मी बाही वर केली होती, सर. तो हात साठ किलोच्या बाईचा नव्हता. माझ्या मुठीत मावत होता. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, आजी फार बारीक आहेत हो. ते म्हणाले, वजन लिहिलंय ना, लाव लवकर, बघ कशा निळ्या पडल्यात. मी लावलं. मग दर फेरीला थेंब मोजत बसले."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" सरांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"तुम्ही गणित विचारलंत, सर. हात विचारला नाहीत."

सर खुर्चीत टेकले. या चौकशीच्या सुरुवातीला जो भेटेल तो म्हणत होता, मी नाही. आता दोघी जणी एका मेलेल्या बाईची चूक एकमेकींच्या हातून हिसकावून घेत होत्या, आणि ज्याने उत्तर शोधून काढलं त्याला ते कोणाच्या पदरात घालावं ते कळत नव्हतं. अधीक्षकांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "तुम्ही बाहेर बसा जरा," ते दोघींना म्हणाले. "मी आणि सर बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. शेवटी अधीक्षकांनी 'वजनाची खातरजमा झाली नाही' एवढंच लिहिलं आणि कोणाचंही नाव घातलं नाही. वरून काय येईल ते येईल. चिमणीला उद्यापासून हजर व्हायला सांगा, म्हणाले.

सर ते सांगायला बाहेर आले. व्हरांड्यातल्या लांब बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा. सर दाराच्या आडच थांबले, कारण लेक बोलत होती.

"वर्षभर तिने मला अंगाला हात लावू दिला नाही. केस विंचरू दिले नाहीत. मला वाटायचं, मी जाणार म्हणून रागावलीय." मग तिने विचारलं, "कसा होता तिचा हात?"

चिमणी रडायची थांबली. तिने उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट जुळवलं. ते कडं थोडं सैल केलं, मग जरा लहान केलं, नीट आठवून, अगदी बरोबर होईपर्यंत. आणि ते तसंच हवेत धरून तिने हात पुढे केला.

लेक बाकावरून सरकत तिच्याजवळ आली आणि त्या रिकाम्या कड्यात तिने आपली दोन बोटं घातली.